अवतरणाची परवानगी: मागायची कोणाकडे?

पाटोदा हे बीड जिल्ह्याच्या बालाघाटी भागातील तालुक्याचे गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि दिवाळी सरता सरता याच तालुक्यातील वाड्यावस्त्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होऊ लागतात. अशा गावातील एखाद्या मराठीच्या शिक्षकाने मराठवाड्यातील कवितेवर पुस्तक लिहायला घेतले, असे समजू. शाळा, परीक्षा आणि निवडणुकीची कामे सांभाळत चार-पाच वर्षांत हस्तलिखित पुरे होते. पुण्याचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा एखादा प्रकाशक ते छापण्यास राजी होतो. बहुधा खर्चाचा काही भाग लेखकाने उचलावा, या बोलीवर. मग त्या प्रकाशकाचे पत्र येते. पुस्तकात ज्या ज्या कवींच्या ओळी उद्धृत केल्या आहेत, त्या सर्वांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी जोडावी. ती नसल्यास त्या ओळी गाळाव्यात.

शिक्षक पत्रे लिहू लागतो. एका कवीचा प्रकाशक कळवतो की, हक्क आमच्याकडे नाहीत, कुटुंबीयांकडे विचारणा करावी; कुटुंबीयांचा पत्ता मात्र त्याच्यापाशी नसतो. दुसऱ्या कवीची प्रकाशनसंस्था बंद पडून वीस वर्षे लोटलेली असतात. तिसऱ्याची तीन मुले तीन शहरांत आहेत आणि हक्क कोणाकडे याविषयी त्यांच्यातच एकवाक्यता नाही. चौथ्याकडून होकार येतो, पण सोबत मानधनाचा जो आकडा येतो तो शिक्षकाने पुस्तकासाठी बाजूला काढलेल्या रकमेच्या निम्मा असतो. उरलेल्यांकडून उत्तरच येत नाही. अखेरीस शिक्षक थकतो, ओळी गाळतो आणि कवितेवरील पुस्तक कवितेवाचूनच बाहेर पडते. अमुक कवीच्या अमुक ओळीत केवढी आर्तता आहे हे वाचकाने समीक्षकाच्या शब्दावर मानून घ्यायचे. ती ओळ मात्र त्याला पाहायला मिळत नाही.

या साऱ्या पत्रव्यवहारातील मोठा भाग मुळातच अनावश्यक असतो, ही गोष्ट त्या शिक्षकाला कोणी सांगत नाही. स्वामित्वहक्काचा भारतीय कायदा १९५७ चा. २१ जानेवारी १९५८ पासून तो अमलात आला. त्याच्या ५२ व्या कलमात हक्कभंग न ठरणाऱ्या कृत्यांची लांबलचक यादी आहे. एखाद्या कृतीच्या समीक्षणासाठी किंवा परीक्षणासाठी त्या कृतीचा उचित वापर करणे, हे त्या यादीत अगदी आरंभीच येते. समीक्षकाने ज्या कवितेची चर्चा चालविली आहे तिच्या ओळी चर्चेच्या ओघात, चर्चेला लागतील तेवढ्या, कवीच्या नावानिशी उद्धृत कराव्यात, यासाठी कोणाच्याही दारात जाण्याची गरज कायद्याने ठेवलेली नाही. पुस्तकाच्या मागील-पुढील पानावर 'पूर्वपरवानगीशिवाय कोणताही भाग वापरता येणार नाही' असे कितीही ठळक छापलेले असो, कायद्याने वाचकाला दिलेली सवलत प्रकाशकाला एका वाक्याने काढून घेता येत नाही. प्रकाशकमंडळी हे जाणत नाहीत असे नाही. परंतु नोटीस येण्याची भीती, वकिलाचा खर्च आणि पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीतून सुटणारा नफा यांचा हिशेब मांडला की, लेखकालाच सगळे आणायला सांगणे त्यांना सोयीचे वाटते. जबाबदारी झटकण्याचा हा मार्ग व्यवहाराला धरून असेल; वाङ्मयाच्या हिताचा तो नव्हे.

उचित म्हणजे किती, हा प्रश्न मात्र खरा आहे. शिक्षकांच्या खोलीत आणि प्राध्यापकांच्या चर्चासत्रांत एक समजूत पक्की रुजलेली दिसते. चार ओळींपर्यंत चालते, किंवा अमुक शब्दांपर्यंत चालते, असे ठामपणे सांगितले जाते. कायद्यात असा कोणताही आकडा नाही. न्यायालय पाहते ते हे की, घेतलेला भाग मूळ कृतीच्या मानाने केवढा आहे, तो कशासाठी घेतला आणि त्यामुळे मूळ पुस्तकाच्या विक्रीला धक्का बसतो का. कादंबरीतील दोन पाने चर्चेसाठी घेतली तर ती किरकोळ ठरू शकतील. सहा ओळींच्या कवितेतील सहाही ओळी घेतल्या तर सबंध कवितासंग्रहातील एक पूर्ण कृतीच उचलली, असा युक्तिवाद होऊ शकतो. कवितेची खरी अडचण येथे आहे. गद्याला जो मोकळेपणा सहज मिळतो तो कवितेला मिळत नाही, कारण कविता लहान असते. गीतांच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट होते. चित्रपटगीताचे शब्द कवीचे असले तरी हक्क बहुधा ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीकडे गेलेले असतात आणि तेथील कचेरीत पाटोद्याहून आलेले पत्र कोणत्या टेबलावर पडते हे कोणी सांगू शकत नाही.

समीक्षा निराळी आणि संकलन निराळे, हा भेदही फार थोड्यांच्या ध्यानात असतो. दहा कवींच्या पन्नास कविता एकत्र छापून त्यांना 'संपादन' म्हणणे म्हणजे अवतरण नव्हे. तेथे परवानगी हवीच. मानधन आणि निदान पुस्तकाची एक प्रत तरी त्या कवीला पोचली पाहिजे. शिक्षणासाठी म्हणून कायद्याने येथेही एक अरुंद वाट ठेवली आहे. मुख्यतः हक्कमुक्त मजकुराच्या शैक्षणिक संकलनात हक्क शाबूत असलेल्या कृतींतील छोटे उतारे घेता येतात. पण एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे घेता कामा नयेत. गाइडे छापणाऱ्या किती प्रकाशकांनी ही मर्यादा वाचली असेल, हा संशोधनाचा विषय होईल. वर्गात शिकविताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने उतारा वापरणे आणि प्रश्नपत्रिकेत तो छापणे यांना तर मोकळीकच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांसारख्या मातब्बर विद्यापीठ-प्रकाशनांनी भरलेला दावा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला तो याच कलमाच्या आधारे. तेव्हा जो विद्यार्थी आपल्या टिपणवहीत उतारे उतरून घेतो त्याने निर्धास्त असावे.

शालेय पुस्तकांवरून झालेला एक जुना वाद या संदर्भात आठवण्यासारखा आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मॅकमिलन कंपनीने प्लूटार्ककृत सिकंदराच्या चरित्रातील निवडक भाग टीपांसह विद्यार्थ्यांसाठी छापला. मुंबईच्या कूपर या प्रकाशकांनी तेच चरित्र स्वतःच्या टीपांसह बाजारात आणले. तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. जुन्या, हक्कमुक्त भाषांतरातील मजकूर निवडून कापल्याने त्यावर मालकी येत नाही, पण संपादकाने कष्टाने रचलेल्या टीपा मात्र त्याच्या, असा त्याचा इत्यर्थ. मराठीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' किंवा दासोपंतांची पदे यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. ओवी आणि अभंग सर्वांचे. विसाव्या शतकातील अभ्यासकाने लिहिलेली प्रस्तावना, दिलेला अर्थ आणि शब्दकोश त्याचे आणि त्याच्या वारसांचे. प्रत्यक्षात नेमके उलटे घडताना दिसते. अभंगाखाली संताचे नाव आदराने छापले जाते आणि त्याचा अर्थ कोणाच्या तरी टीपेतून शब्दशः उचलून लेखक स्वतःच्या नावावर खपवतो.

तसे करणे हा परवानगीचा प्रश्नच नव्हे. ते वाङ्मयचौर्य होय. या दोन गोष्टींची गल्लत विद्यापीठांतही होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले, तेव्हापासून प्रबंधातील साम्य टक्क्यांत मोजले जाते. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि योग्य श्रेय देऊन केलेली अवतरणे या मोजणीतून वगळायची असतात. परिणामी पीएच.डी.चे विद्यार्थी अवतरणचिन्हांनाच भिऊ लागले आहेत, आणि मूळ लेखकाचे वाक्य जसेच्या तसे देण्याऐवजी त्यातील चार शब्द इकडचे तिकडे करून ते आपले म्हणून लिहिण्याकडे त्यांचा कल वाढतो आहे. खरे तर अवतरणचिन्ह हे प्रामाणिकपणाचे चिन्ह आहे. श्रेय दिल्याने हक्कभंग माफ होत नाही हे खरे. त्याचप्रमाणे परवानगी मिळाल्याने दुसऱ्याचे वाक्य आपले होत नाही, हेही तितकेच खरे.

हक्क संपले कधी, याचा हिशेब सोपा आहे, तरी तो क्वचितच केला जातो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. आधी ती मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांचे वाङ्मय १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार म्हणून त्या डिसेंबरात वटहुकूम निघाला, पुढे १९९२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि एका कवीसाठी केलेली वाढ देशातील सर्वांना लागू पडली. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ च्या आरंभापासून कोणालाही छापता येते. परभणीकडचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले. त्यांची कविता २०१४ पासून मोकळी आहे. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६ सालचे. दोघांचेही स्वतःच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ पासून मुक्त. अण्णा भाऊ साठे यांच्यासाठी २०२९ ची अखेर, नरहर कुरुंदकरांसाठी २०४२ ची आणि कुसुमाग्रजांसाठी २०५९ ची अखेर गाठावी लागेल. आज दहावीत असलेला मुलगा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असेल. पाटोद्याच्या त्या शिक्षकाने बी. रघुनाथांच्या ओळींसाठी पत्र लिहिले असेल, तर ते टपालहशील वाया गेले.

लेखक आणि त्यांच्या वारसांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. मराठीत केवळ लेखणीवर पोट भरणारे विरळा. अशा स्थितीत कोणीतरी आपली सबंध कविता न विचारता छापावी, पुस्तक विकावे, त्याची प्रतही पाठवू नये आणि पुढे मुद्रणदोषांनी विद्रूप झालेली ती कविता दुसऱ्याच पुस्तकात उतरावी, याने कवी संतापला तर त्याला हेकट म्हणता येणार नाही. मूळ मजकुराची मोडतोड होऊ नये असे म्हणण्याचा हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाने त्याला दिला आहे, आणि मालकी विकून टाकल्यावरही तो हक्क त्याच्यापाशी राहतो. ज्या वारसांनी वडिलांची कागदपत्रे ट्रंकेत जपून ठेवली त्यांना एका पोस्टकार्डाची अपेक्षा असते. ती पुरविण्यात कमीपणा कसला? गरज नसतानाही विचारावे, हा सभ्यतेचा भाग झाला. वाद आहे तो विचारण्याविषयी नाही. विचारायचे कोणाला हेच कळू नये, याविषयी आहे.

जुन्या मराठी प्रकाशनव्यवहाराने हा गुंता वाढवून ठेवला. करार तोंडी, आवृत्तीपुरते. कधी एका चिठ्ठीवर, कधी तेही नाही. कायद्याने तर हक्कांचे हस्तांतरण लेखीच हवे असे म्हटले आहे आणि १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाचच वर्षांची समजावी, असेही ठरविले आहे. म्हणजे पुष्कळदा प्रकाशक ज्या हक्काच्या जोरावर परवानगी नाकारतो किंवा पैसे मागतो तो हक्क त्याच्याकडे असतोच असे नाही; आणि ज्या नातवाकडे तो खरोखर असतो त्याला आजोबा कवी होते एवढेच ठाऊक असते.

हक्कधारक सापडतच नसेल तर काय करावे, याचे उत्तर कायद्यात आहे. पण ते वाचून पाटोद्याचा शिक्षक हसेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ३१-अ कलमानुसार, लेखक मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल तर त्याच्या कृतीसाठी सक्तीचा परवाना मागता येतो. अर्ज करण्यापूर्वी आपला इरादा वृत्तपत्रात जाहीर करायचा. आणि तोही देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. भाषांतर छापायचे असेल तरच त्या भाषेतील दैनिकाची आठवण कायद्याला होते. मराठवाड्यातील विस्मृत कवीची मराठी कविता मराठी पुस्तकात छापण्यासाठी, त्या कवीचा मराठी नातू सापडावा म्हणून, दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पत्रात जाहिरात! तो नातू कदाचित गेवराईला राहत असेल आणि रोज मराठी दैनिक वाचत असेल. हे अर्ज ऐकणारे मंडळही राहिले नाही. प्रताधिकार मंडळ आधी दुसऱ्या मंडळात विलीन झाले, ते मंडळ २०२१ मध्ये रद्द झाले आणि काम न्यायालयांकडे गेले. एका कवितेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? जाहिरातीची ती अट बदलून कृतीच्या भाषेतील दैनिक पुरेसे मानावे, एवढी दुरुस्ती तरी संसदेतील मराठी सभासदांनी मागायला हरकत नाही.

दुरुस्तीची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. इंग्लंडातील रीडिंग विद्यापीठ आणि अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठ यांनी १९९४ पासून मिळून एक नोंदवही चालविली आहे. कोणत्या लेखकाचे हक्क सध्या कोणाकडे, पत्रव्यवहार कोठे करावा, एवढीच माहिती तीत असते. पण तेवढ्यावर जगभरच्या अभ्यासकांचे वर्षानुवर्षांचे कष्ट वाचतात. इंग्लंडने तर २०१४ मध्ये कायदाच सैल करून, समीक्षा नसली तरी योग्य प्रमाणातील अवतरणाला मुभा दिली. बर्न कराराच्या दहाव्या कलमात ती तरतूद पूर्वीपासून आहे आणि भारत त्या कराराचा जुना सभासद आहे. मराठीत अशी नोंदवही राखणे मराठी साहित्य महामंडळाला किंवा त्याच्या घटकसंस्थांना अशक्य नाही. मराठवाड्यापुरते पाहिले तर मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखा गावोगाव पसरलेल्या आहेत. कोणता कवी कोणत्या गावचा, त्याची मुलगी कोठे दिली, घर कोणी सांभाळले, हे शाखेतील एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असते. तो कार्यकर्ता गेला की ती माहितीही जाते. संमेलनाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चाच्या अल्पांशात ही वही तयार होईल.

आतापर्यंतचे सारे विवेचन नाव असलेल्या लेखकांविषयीचे झाले. पाटोद्याकडे पाहताना दुसरा, अधिक अवघड प्रश्न समोर येतो. ज्या शिक्षकाला कवींच्या वारसांनी जेरीस आणले तोच शिक्षक पुढच्या पुस्तकासाठी ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या ओव्या गोळा करतो, तेव्हा परवानगीचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. ओवी कोणाची? सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही, असे समजण्याची रीत मराठी वाङ्मयात फार जुनी आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अपार जिव्हाळ्याने ओव्या एकत्र केल्या, कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' म्हटले, सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले. या कामाचे ऋण मोठे आहे. पण या पुस्तकांत ओवी आहे, विषय आहेत. गाणारीचे नाव शोधू गेले तर बहुधा हाती लागत नाही. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या. मुलाने त्यांची गाणी टिपून ठेवली होती, ती आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या नावानिशी पुस्तक निघाले. मुलगा कवी नसता तर तीच गाणी एखाद्या संकलनात 'खानदेशातील लोकगीते' म्हणून छापली गेली असती, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नसते.

कायद्याची भाषा एक लेखक, एक कृती असे गृहीत धरून चालते. ओवी त्या चौकटीत नीट बसत नाही. आईकडून आलेली ओळ मुलगी बदलते, सासरच्या गावाचे नाव घालते, शेजारीण तिला दुसरा चरण जोडते. तरीही गाणाऱ्या व्यक्तीला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. १९९४ च्या दुरुस्तीपासून सादरकर्त्याचा हक्क मान्य झाला आहे; संमतीवाचून आवाज ध्वनिमुद्रित करणे आणि त्याचा धंद्यासाठी वापर करणे त्यात बसत नाही. भ्रमणध्वनीवर ओवी टिपून ती समाजमाध्यमांवर सोडणाऱ्या उत्साही तरुणांना हे ठाऊक नसावे.

आणि हे काम नीट कसे करावे याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे आणि गावाचे नाव नोंदले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या १९९६ मध्ये याच कामात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून हा संग्रह नावांसह, छायाचित्रांसह लोकांपुढे येऊ लागला तेव्हा कार्यकर्ते त्या स्त्रियांना पुन्हा शोधत त्यांच्या घरी गेले. त्या ओव्या आज कोणाला उद्धृत करायच्या झाल्या तर नाव घालण्याची सोय आहे. 'एक लोकगीत' असे म्हणून सुटता येत नाही.

पाटोद्याच्या शिक्षकाला यासाठी वकील नको, इंग्रजी दैनिक नको, मुंबईची कचेरीही नको. ज्या बाईची ओवी घ्यायची ती शेजारच्या वस्तीवर राहते. तिला विचारायचे, ओवी लिहून तिलाच वाचून दाखवायची, नाव कसे छापू म्हणून पुसायचे. माहेरचे की सासरचे, हेही तिने ठरवायचे. पुस्तक निघाले की एक प्रत तिच्या घरी न्यायची. तिला वाचता येत नसेल तर तिची नात वाचील. फक्त हे दिवाळीच्या आत उरकले पाहिजे. कारण त्यानंतर ती कोणत्या कारखान्याच्या कोणत्या फडावर असेल, ते मुकादमालाच ठाऊक असते, आणि ती परत येते तो उन्हाळा लागलेला असतो.